इलेक्ट्रॉनची साक्ष आणि मॅक्स बॉर्न

2025 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. 1925 साली जर्मनीत या विज्ञानाचा गणिती पाया घातला गेला, त्याला शंभर वर्षे झाली हे त्यामागचे कारण. त्याच्या दोन वर्षे आधी, एप्रिल 2023 मध्ये, भारत सरकारनेही सहा हजार कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. सरकारी पैसा आला की भाषणे येतात आणि भाषणांच्या मागोमाग बाबा-बुवाही येतात, हा आपल्या देशाचा जुना अनुभव आहे. क्वांटम उपचार, क्वांटम ध्यान असले शब्द आता सर्रास कानावर पडतात. मनात विचार आणला की बाहेरची वस्तू बदलते, हे म्हणे विज्ञानानेच सिद्ध केले आहे! कालपर्यंत सगळे कपाळावर लिहिलेले आहे असे सांगणारेच आज इलेक्ट्रॉन अनिश्चित आहे, म्हणून काहीही घडू शकते असे सांगतात. दोन्ही माल एकाच दुकानात विकला जातो आणि गिऱ्हाईकही तेच असते.

या दोन्ही थोतांडांना 1926 सालीच परस्पर उत्तर देऊन ठेवणारा जो माणूस होता, त्याचे नाव मात्र भाषणांत फारसे येत नाही. हायझेनबर्ग येतो, श्रोडिंजर आणि त्याचे मांजर येते, आइन्स्टाइन तर येतोच. मॅक्स बॉर्न येत नाही. (नील्स बोर नव्हे, तो डेन्मार्कचा, वेगळा माणूस. नावातल्या या सारखेपणानेही बॉर्नचे थोडे नुकसानच केले आहे.)

मॅक्स बॉर्नचा जन्म 11 डिसेंबर 1882 रोजी ब्रेस्लाऊ या तेव्हाच्या जर्मन शहरात झाला. आज ते शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. वडील गुस्ताव बॉर्न तिथल्या विद्यापीठात शरीररचनेचे आणि गर्भविज्ञानाचे अभ्यासक होते. आई मॅक्स चार वर्षांचा असतानाच गेली. घर सुखवस्तू आणि सुशिक्षित होते, संगीताचे वेड असलेले होते. वंशाने ज्यू, पण स्वतःला पक्के जर्मन समजणारे. दम्याचा विकार मॅक्सला लहानपणापासून जडला तो अखेरपर्यंत. ब्रेस्लाऊत शिकताना रोझानेस नावाच्या प्राध्यापकांकडून त्याने मॅट्रिक्सचे, म्हणजे आकड्यांच्या चौकटींचे गणित ऐकले. त्या काळी भौतिकशास्त्रात या गणिताचा कोणाला काडीचाही उपयोग नव्हता. पुढे ग्योटिंगेनला हिल्बर्टसारख्या गणितज्ञाचा सहायक म्हणून काम, 1906 मध्ये डॉक्टरेट, 1913 मध्ये हेडविग एहरेनबर्गशी विवाह, महायुद्धाच्या काळात बर्लिन आणि तिथे आइन्स्टाइनशी जन्मभराची मैत्री, नंतर फ्रँकफर्ट, असे करत 1921 मध्ये तो ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून परत आला. येताना आपला मित्र जेम्स फ्रांक यालाही तिथे प्रयोगशाळेची खुर्ची मिळेल याची व्यवस्था त्याने केली. ही मैत्री पुढे फार उपयोगी पडली.

आता इलेक्ट्रॉनकडे वळू. कारण खटला त्याचा आहे.

1897 मध्ये जे. जे. थॉमसन या इंग्रज शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन शोधला. वीज वाहून नेणारा, प्रोटॉनच्या सुमारे 1836 व्या हिश्श्याइतक्या वजनाचा हा सूक्ष्म कण. कण म्हणजे कण, त्यात वाद नव्हता. 1924 मध्ये लुई द ब्रॉय या फ्रेंच तरुणाने आपल्या प्रबंधात मांडले की, या कणाला लाटेचाही स्वभाव असला पाहिजे. 1927 मध्ये अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन आदळवून ते लाटेसारखे विखुरतात हे दाखवून दिले. त्याच सुमारास तेच दुसऱ्या पद्धतीने दाखवणारा जॉर्ज थॉमसन हा जे. जे. थॉमसनचा मुलगा. बापाला इलेक्ट्रॉनला कण ठरवणाऱ्या कामाची ख्याती आणि 1906 चे नोबेल, मुलाला तोच इलेक्ट्रॉन लाट आहे हे दाखवल्याबद्दल 1937 चे नोबेल! आणि गंमत अशी की दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते.

पण हे सारे सिद्ध होण्याआधी, 1925 च्या जून महिन्यात, बॉर्नचा चोवीस वर्षांपेक्षाही लहान सहायक वर्नर हायझेनबर्ग हा शिंका आणणाऱ्या परागकणांपासून सुटका म्हणून हेल्गोलांड या बेटावर गेला होता. तिथून तो एक विचित्र गणित घेऊन परतला. इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने फिरतो हे कधी कोणी पाहिलेले नाही, तेव्हा वाटेची भाषाच सोडून द्यावी आणि अणूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापांवरच हिशोब मांडावा, असा त्याचा विचार. कागद त्याने बॉर्नच्या हाती दिला. बॉर्न काही दिवस त्या गणितात गुंतून पडला आणि मग त्याला ब्रेस्लाऊचा तो जुना वर्ग आठवला. हायझेनबर्गला स्वतःला ठाऊक नव्हते, पण तो जे करत होता ते मॅट्रिक्सचे गणित होते.

या गणितात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलते. नेहमीच्या आकड्यांत तीन गुणिले चार आणि चार गुणिले तीन सारखेच. इथे तसे नाही. आमच्या कोर्टाच्या भाषेत सांगायचे तर आधी सरतपास आणि मग उलटतपास घेतला तर जे हाती लागते, ते क्रम उलटा करून लागणार नाही. इलेक्ट्रॉनची जागा आणि त्याचा संवेग यांचे नाते असे आहे, आणि दोन क्रमांच्या उत्तरांमधला फरक नेमका किती, हे बॉर्नने लिहून काढले. या कामात मदत कर म्हणून त्याने हॅनोव्हरला जाणाऱ्या गाडीत आपला जुना सहायक पाउली याला विचारले, तर पाउलीने बॉर्नच्या रुक्ष गणितामुळे हायझेनबर्गच्या कल्पनेचे मातेरे होईल म्हणून त्याला झिडकारले. मग पास्कुआल योर्डान हा दुसरा तरुण पुढे आला. बॉर्न आणि योर्डान यांचा निबंध, आणि त्यानंतर हायझेनबर्गसह तिघांचा निबंध, हे 1925 सालचे दोन लेख म्हणजे क्वांटम यामिकीचा पाया. क्वांटम यामिकी हे नावदेखील बॉर्ननेच 1924 मध्ये एका लेखाच्या मथळ्यात वापरले होते.

1926 च्या आरंभी श्रोडिंजरने याच प्रश्नाला दुसऱ्या वाटेने हात घातला आणि लाटेचे समीकरण मांडले. गणित सोपे होते, सगळ्यांना आवडले. उत्तरेही तीच येत. पण ही लाट कशाची? श्रोडिंजरचे म्हणणे असे की, इलेक्ट्रॉन हा मुळात कण नाहीच, त्याचा विद्युतभार लाटेसारखा पसरलेला असतो. बॉर्नला हे पटेना. का पटेना? कारण त्याच ग्योटिंगेनमध्ये फ्रांकच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन अणूंवर आदळवण्याचे प्रयोग चालत, आणि तिथे इलेक्ट्रॉन एकेक करून मोजला जाई. अणूवर आदळल्यावर लाट सर्व दिशांना पसरते, पण यंत्रात जो सापडतो तो अख्खा इलेक्ट्रॉन, एकाच ठिकाणी. अर्धा इथे, पाव तिथे असे कधीच होत नाही. मग लाट खरी की कण खरा?

बॉर्नने जून 1926 मध्ये पाठवलेल्या एका छोट्या निबंधात याचे उत्तर दिले. लाट ही इलेक्ट्रॉनचे अंग नव्हे. तो कुठे सापडण्याची किती शक्यता आहे, याचा हिशोब म्हणजे लाट. लाट जिथे जोरदार तिथे शक्यता जास्त, जिथे शून्य तिथे शक्यता शून्य. निबंधाच्या मजकुरात त्याने लाटेच्या उंचीलाच शक्यता म्हटले होते. मुद्रिते तपासताना चूक लक्षात आली आणि त्याने तळाला एक टीप जोडली की, शक्यता ही उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राचा एक सर्वात मोठा नियम असा तळटीपेतून जगात आला.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर 1989 मध्ये जपानच्या हिताची प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग पाहावा. दोन वाटा असलेल्या यंत्रातून एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला. पडद्यावर एक ठिपका उमटला. मग दुसरा, तिसरा. सुरुवातीला ठिपके कसेही विखुरलेले दिसतात, काही संगती नाही. हजारो झाले की हळूहळू पट्टे उभे राहतात, गडद, फिके, पुन्हा गडद, हुबेहूब लाटेचे. प्रत्येक ठिपका कणाचा आणि सगळ्यांची मिळून नक्षी लाटेची. पुढचा ठिपका कुठे पडेल हे कोणी सांगू शकत नाही, पण एक लाख ठिपक्यांची नक्षी कशी होईल हे बॉर्नचा नियम आधीच सांगतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नाणे उडवले तर छापा की काटा हेही आपण शक्यतेनेच सांगतो. पण ती शक्यता आपल्या अज्ञानाची असते. हाताचा जोर, वारा, नाण्याचे वजन सगळे कळले तर उत्तर काढता येईल असे आपण मानतो. बॉर्नची शक्यता तशी नव्हे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे इलेक्ट्रॉनच्या बाबतीत सगळे कळूनही शक्यताच उरते, कारण कळण्यासारखे त्यापलीकडे काही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लाप्लाससारखे पंडित सांगत आले होते की, आजची स्थिती पूर्ण कळली तर उद्याचा प्रत्येक क्षण गणिताने काढता येईल. ती सगळी इमारत या तळटीपेने हलली. उद्याचे सगळे आजच लिहून ठेवलेले आहे, या म्हणण्याला विज्ञानाचा आधार उरला नाही.

मग काहीही शक्य आहे का? मुळीच नाही, आणि बुवा लोक नेमके हेच लपवतात. ठिपका कुठे पडेल ते अनिश्चित, पण शक्यतेची लाट स्वतः कशी सरकेल हे श्रोडिंजरच्या समीकरणाने काटेकोर ठरलेले. तिथे रेसभर ढिलाई नाही. कोणाच्या इच्छेने, मंत्राने, दक्षिणेने ती लाट वाकत नाही. मोजमाप केले की इलेक्ट्रॉनवर परिणाम होतो हे खरे, पण मोजमाप यंत्र करते. त्या वेळी शास्त्रज्ञ खोलीत बसलेला असो की चहा प्यायला गेलेला असो, ठिपके तसेच पडतात. आमच्यातलेही काही उत्साही मित्र सांगतात की हे सारे अडीच हजार वर्षांपूर्वीच बुद्धाने सांगून ठेवले होते. आम्हाला ते मान्य नाही. बुद्धाला इलेक्ट्रॉनच्या दाखल्याची गरज नाही आणि इलेक्ट्रॉनलाही बुद्धाच्या.

वकिलाला बॉर्नचे म्हणणे पटायला खरे तर अडचण येऊ नये. 1872 च्या पुरावा कायद्यात सिद्ध या शब्दाची व्याख्या करताना कायदा संपूर्ण खात्री मागत नाही. शहाण्या माणसाने त्यावर विसंबून वागावे इतकी एखादी गोष्ट संभाव्य वाटली की ती सिद्ध झाली असे तो मानतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ही व्याख्या कायम आहे. कायद्याने शक्यतेवर माणसाला फाशीपर्यंत नेले आहे. मात्र फरक आहे. कोर्टात घटना घडलेली असते, ती आपल्याला पुरती कळत नाही एवढेच. बॉर्नच्या इलेक्ट्रॉनची तपासाआधीची जागा आधीपासून ठरलेली असते आणि आपल्याला फक्त ठाऊक नसते, असे म्हणता येत नाही.

ज्या माणसाने निसर्गात जन्मापासून काही ठरलेले नसते असे दाखवले, त्याचे स्वतःचे भवितव्य सात वर्षांनी त्याच्या जन्मावरून ठरवले गेले. 7 एप्रिल 1933 रोजी हिटलरच्या सरकारने सरकारी नोकरांचा कायदा केला. नाव मोठे साळसूद होते, नोकरशाहीची पुनर्स्थापना. चार दिवसांनी निघालेल्या आदेशात अनार्य कोण याची व्याख्या आली, आणि चार आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असला तरी माणूस अनार्य ठरला. बॉर्न 1914 मध्येच ख्रिस्ती झाला होता. त्याचा उपयोग शून्य. धर्म बदलता येतो, पण व्यवस्था आजोबा मोजायला बसली की माणसाने काय करायचे? आमच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको. 25 एप्रिलच्या सुमारास निलंबित प्राध्यापकांच्या यादीत आपले नाव असल्याचे बॉर्नला वर्तमानपत्रातून कळले. फ्रांक हा महायुद्धातला सैनिक म्हणून त्याला सूट होती. त्याने ती नाकारून निषेधाचा राजीनामा दिला. मे महिन्यात बॉर्न कुटुंब इटलीतल्या डोंगरातल्या एका गावी निघून गेले. ज्याच्यासह त्याने पाया घातला तो योर्डान त्याच वर्षी नाझी पक्षात दाखल झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस नोबेल जाहीर झाले. 1932 चे राखून ठेवलेले पारितोषिक एकट्या हायझेनबर्गला, 1933 चे श्रोडिंजर आणि डिरॅक यांना. बॉर्न नाही. हायझेनबर्गने त्याला पत्र लिहून, तिघांच्या कामाचे श्रेय एकट्याला मिळाल्याबद्दल मन खात असल्याचे कळवले. पत्र प्रामाणिक होते असे आम्ही मानतो. पण पत्राने नोबेल वाटून घेता येत नाही.

केंब्रिजमध्ये तात्पुरती जागा मिळाली. मग 1935 च्या हिवाळ्यात बॉर्न पती-पत्नी भारतात आले. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक तेव्हा सी. व्ही. रामन होते. जर्मनीतून हाकललेले उत्तम शास्त्रज्ञ भारतात आणावेत अशी त्यांची दूरदृष्टी. बॉर्न सुमारे सहा महिने राहिला, शिकवले, देश त्याला आवडला, आणि कायमची खुर्ची द्यावी म्हणून रामन यांनी प्राध्यापकांच्या सभेत प्रस्ताव मांडला. सभेत बॉर्न स्वतः बसलेला. नव्याने आलेला एक इंग्रज प्राध्यापक उठला आणि स्वतःच्या देशाने हाकलून दिलेला दुय्यम दर्जाचा परका माणूस या संस्थेला चालणार नाही, अशा अर्थाचे बोलला. बॉर्नने पुढे लिहून ठेवले आहे की त्या दिवशी घरी जाऊन तो रडला. क्वांटम यामिकीचा एक जनक या देशात राहू शकला असता. तो राहिला नाही. पुढे 1937 मध्ये रामन यांनाही संचालकपद सोडावे लागले. राष्ट्रीय मिशनच्या भाषणांत हा प्रसंगही कोणी सांगितला तर बरे होईल.

1936 मध्ये एडिंबरा विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद दिले. तिथे त्याने सतरा वर्षे काढली. ग्योटिंगेनमध्ये ओपनहायमर, मारिया गोपर्ट हे त्याचे विद्यार्थी होते, एडिंबरामध्ये क्लाउस फुक्स त्याच्याबरोबर काम करत होता. ओपनहायमरने अमेरिकेचा अणुबाँब बनवला, फुक्सने त्याची रहस्ये सोव्हिएत संघाला दिली. बॉर्न स्वतः शस्त्रांच्या कामापासून कटाक्षाने दूर राहिला. हिटलरने त्याचे घरदार, नोकरी, देश घेतला होता, तरीही. याबद्दल त्याला भाबडा म्हणणारे पुष्कळ होते आणि हिटलरच्या हाती बाँब आधी पडला असता तर काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या प्रश्नाचे निर्णायक उत्तर बॉर्नकडे होते असे आम्हाला वाटत नाही. नकार मात्र त्याने पाळला.

आइन्स्टाइनशी त्याचा वाद तीस वर्षे चालला. 1926 च्या डिसेंबरातच आइन्स्टाइनने त्याला पत्र लिहून देव फासे टाकत बसतो हे आपल्याला पटत नाही अशा आशयाचे कळवले होते. आइन्स्टाइनचे म्हणणे, शक्यतेचा हिशोब बरोबर असेल, पण तो अपुरा आहे, मागे काहीतरी दडलेले असणार. 1955 मध्ये आइन्स्टाइन वारला तोवर दोघांपैकी कोणीही हटले नाही, मैत्रीही तुटली नाही. नंतर 1964 मध्ये जॉन बेलने या वादाला प्रयोगाची कसोटी सुचवली, आणि ती कसोटी लावणाऱ्या क्लाउझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांना 2022 चे नोबेल मिळाले. निकाल असा की, दडलेली उत्तरे प्रत्येक कणापाशी आधीच लिहिलेली आहेत आणि दूरच्या घडामोडींचा त्यांच्याशी संबंध नाही, ही बाजू टिकत नाही. आइन्स्टाइनचा सगळा दावा फेटाळला गेला असे मात्र म्हणता येणार नाही. डेव्हिड बोमने 1952 मध्ये मांडलेला, दूरचे परिणाम मान्य करून निश्चितता राखणारा सिद्धांत आजही उभा आहे, आणि बॉर्नचा नियम आणखी खोल तत्त्वातून काढता येतो का यावरही काम चालू आहे. अपील अजून प्रलंबित आहे म्हणा.

1953 मध्ये निवृत्त झाल्यावर बॉर्न जर्मनीला परतला, ग्योटिंगेनपासून जवळच्या बाड पिरमोंट गावी. जर्मन सरकारने त्याचे निवृत्तिवेतन परत दिले होते, ब्रिटनमधले पुरत नव्हते. आइन्स्टाइनला हे परतणे अजिबात रुचले नाही. 10 डिसेंबर 1954 रोजी, 72 वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, त्याला स्टॉकहोममध्ये नोबेल मिळाले, अर्धे, दुसरे अर्धे वाल्टर बोटे यांना. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या शक्यतेच्या अर्थाबद्दल. 1955 मध्ये अण्वस्त्रांविरुद्धच्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्याने सही केली. एप्रिल 1957 मध्ये पश्चिम जर्मनीच्या सैन्याला अण्वस्त्रे देण्याच्या आडेनाउअर सरकारच्या बेताविरुद्ध अठरा शास्त्रज्ञांनी पत्रक काढले, त्यातही तो होता. हायझेनबर्गचीही सही त्याच पत्रकावर होती.

5 जानेवारी 1970 रोजी बॉर्न ग्योटिंगेनमध्ये वारला. तिथल्या स्मशानभूमीत त्याच्या दगडावर 1925 चे ते समीकरण कोरलेले आहे, गुणाकाराचा क्रम बदलला की किती फरक पडतो ते सांगणारे. नोबेल ज्यासाठी मिळाले तो तळटीपेतला नियम त्या दगडावर नाही.